पांढरी पाच

आमच्या भजनी मंडळात नरहर वैरागडे टाळ वाजवायचा आणि वाईट वाजवायचा. तबल्यावर मी असतो, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे. समेला त्याचा टाळ एक तर आधीच येऊन बसलेला असायचा, नाही तर मागून धापा टाकत यायचा. पण सतरंज्या तोच अंथरायचा, भजन संपल्यावर तोच झटकून घडी घालायचा, आणि शेवटचा माणूस जिना उतरेपर्यंत थांबायचा. अशा माणसाला टाळ खाली ठेव म्हणून सांगणार कोण?

नरहर भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तयार झालेले सुटे भाग तपासायचे, चालू यंत्राला कान लावायचा आणि यातलं कुठलं बेअरिंग आता जाणार ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याचे आजोबा छप्पन साली सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या तेव्हा फायलींच्या मागोमाग इकडे आले आणि मग ते घराणं इथलंच झालं. नरहर पन्नाशीला टेकला होता. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारलं की तो खरंच विचार करायचा आणि म्हणायचा, राहून गेलं. थोरली बहीण मंदाकिनी, म्हणजे आमच्या मंदाताई, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचंही राहून गेलं होतं. दोघं कोटरा सुल्तानाबादेत एका तीनमजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे.

त्यांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये वसुधा पिंपळापुरे राहायला आल्या. विमा कंपनीतली बदलीची नोकरी, पुण्याहून इकडे आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सामानाबरोबर वाजवायची एक जुनी पेटी आली. ती वर चढवताना हमालांनी इतक्या शिव्या घातल्या की ती पुन्हा खाली आणायचा विषय कोणी काढला नाही. मंडळच वर जाऊ लागलं. दर गुरुवारी संध्याकाळी वसुधाताईंच्या हॉलमध्ये भजन.

सगळे त्यांना वसुधाताई म्हणायचे. नरहर काहीच म्हणायचा नाही. त्यांना हाक मारायची वेळ आली की तो उठून समोर जाऊन उभा राहायचा आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचा. एकदा ताई म्हटलं की विषय संपला, एवढं त्याला कळत होतं.

आता ती कवितेची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मंदाताईंकडे रविवारी सकाळी एम.ए.ची दोन-तीन मुलं शिकायला यायची. एका रविवारी त्या एक जुनी इंग्रजी प्रेमकविता समजावून सांगत होत्या. चौदा ओळींची, चारशे वर्षांपूर्वीची. नरहर आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. मंदाताई मुलांना हिंदीत सांगत होत्या की कवीची प्रेयसी वाद्य वाजवते आहे, कवी शेजारी उभा आहे, आणि त्या वाद्याच्या लाकडी पट्ट्यांचा त्याला हेवा वाटतो आहे, कारण तिची बोटं त्यांना लागताहेत आणि ह्याला लागत नाहीत. आतून जळका वास आला. मग नरहर हातात शर्ट घेऊन दारात येऊन उभा राहिला. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा होता.

"मग शेवटी काय होतं?" त्याने विचारलं.

मंदाताई म्हणाल्या, "चौदा ओळींत काय होणार? तो उभाच राहतो."

हे मला मंदाताईंनी सांगितलं. नरहरने मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा. कारखान्यातल्या एखाद्या बिघाडाची हकिगत सांगावी तशी त्याने ती कविता मला सांगितली. बाई वाजवते, हा बाजूला उभा, मधे लाकूड. अडचण कुठे आहे ते त्या माणसाने बरोबर ओळखलं, पण पुढे काही केलं नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, अरे कविता आहे ती. तो म्हणाला, "असू दे. उभं राहणं हा काही उपाय नाही."

त्यानंतर नरहरचं पेटीशी वाकडं आलं. मी काही बनवून सांगत नाही. आधी तो पेटी पुसायचा, तिच्यावरचा मखमली रुमाल काढून नीट घडी घालायचा. आता तो तिच्याकडे पाठ करून बसायला लागला. कोणी म्हटलं, नरहर, जरा पेटी पुढे सरकव, तर तो म्हणायचा, तिला सरकायचं असेल तर सरकेल. एकदा मला बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं की पेटीला काही जाणवत असेल का. मी म्हटलं, लाकडाला काय जाणवणार. "तेच तर," तो म्हणाला. "काही जाणवत नाही, आणि तिलाच सगळं मिळतंय."

दिवाळी जवळ आली. मराठी समाजाच्या हॉलमध्ये पाडव्याच्या पहाटे आमचा कार्यक्रम ठरला होता. मंडळाचं पहिल्यांदाच मोठ्या मंचावर जाणं होतं, आणि नेमकी त्याच वेळी पेटी कुरकुरायला लागली. मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबली की आधी फुस्स व्हायचं, मग सूर लागायचा. पांढरी पाच म्हणजे आमचा पंचम. सगळ्यांना झेपावं म्हणून आम्ही पांढरी एकला सा धरून गातो, तेव्हा पंचमावाचून एक ओळ पुढे जात नाही. जुन्या शहरात पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर आहेत, ते दुकान बंद करून मुलीकडे उज्जैनला गेले होते आणि भाऊबीज झाल्यावरच येणार होते.

नरहर म्हणाला, मी बघतो.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वसुधाताईंनी विचारलं, तुम्हाला जमेल का. तो म्हणाला की भाता आहे, झडपा आहेत, पितळ आहे, न जमायला काय झालं. मी आणि त्याने मिळून पेटी एक मजला खाली आणली. वाटेत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तरी मला आता नवल वाटलं नसतं.

दोन दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर पेटी उघडी पडलेली. सगळ्या पट्ट्या काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या, आणि नरहर कारखान्यातलं मोजमापाचं यंत्र घेऊन एकेक पट्टी मोजतोय. मंदाताई ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवत होत्या. नरहरने मला सांगितलं की पट्ट्या बोटांनी झिजल्या आहेत आणि कुठली किती झिजली ते त्याने काढलं आहे. सगळ्यांत जास्त झिजलीय पांढरी पाच. ती त्याने माझ्या हातात दिली. खरंच, मधे एक गुळगुळीत खळगा होता, बोटाच्या पेराएवढा.

"हिच्यावर सगळ्यात जास्त," तो म्हणाला. त्याचा आवाज असा होता की मी ती पट्टी घाईने परत ठेवली.

मंदाताई सोफ्यावरून म्हणाल्या, "त्याला मी काल म्हटलं, वर जा आणि सरळ बोल तिच्याशी. तर म्हणतो, आधी हे हातातलं काम पुरं करू दे."

पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते. हवा आली की ती थरथरते आणि सूर निघतो. पांढरी पाचच्या जिभेवर धूळ आणि मळ बसला होता. नरहर तो खरवडत असताना जीभ मुळातून तुटली. त्याने मुद्दाम तोडली का, असं नंतर पुष्कळांनी मला विचारलं. मी समोरच बसलो होतो. टक् असा आवाज झाला आणि तो कागदासारखा पांढरा पडला. मुद्दाम करणाऱ्याचा चेहरा असा होत नाही.

तशी पितळी जीभ भोपाळात त्या म्हाताऱ्याशिवाय कोणाकडे मिळेना. दुसरी पेटी मागायला आम्ही गावभर फिरलो, पण पाडव्याच्या पहाटे भोपाळातली एकही मराठी पेटी मोकळी नसते. समाजाचे अध्यक्ष मुंडले, त्यांच्या नातीचा विजेवर चालणारा कीबोर्ड होता, त्याच्याकडे वसुधाताईंनी एकदा पाहिलं आणि तो परत पाठवला. पेटी वर गेली. एक सूर सोडला तर बाकी सगळं उत्तम. नरहरने भाताही नवा केल्यासारखा केला होता. फक्त पांढरी पाच दाबली की काहीच नाही. फुस्सदेखील नाही.

गुरुवारी तालमीला सगळे तोंड पाडून बसले. वसुधाताई वाजवायच्या, पंचमावर बोट पडायचं आणि तिथे खड्डा. जिना उतरताना पायरी नसावी तसं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा खड्ड्यातून आवाज आला. "आऽ."

नरहर. बरोबर पंचम. मागेपुढे केसभर नाही.

वसुधाताईंनी बोट उचललं, आवाज थांबला. बोट ठेवलं, आवाज आला. दोनदा ठेवलं, दोनदा आला. मग त्यांनी ओळ पहिल्यापासून घेतली, आणि जिथे जिथे पांढरी पाच होती तिथे तिथे नरहर होता.

मी नंतर त्याची परीक्षा घेतली. सा म्हण म्हटलं तर त्याला येईना. गंधार, धैवत, काहीच येईना. त्याच्या गळ्यात तेवढा एकच सूर होता. तो म्हणाला, कारखान्यात एक जुनं लेथ मशीन आहे, त्याचा आवाज हाच आहे, तो माझ्या अंगात मुरलाय. इतक्या वर्षांत टाळ वाजवून जे साधलं नाही ते लेथने साधलं होतं.

तालमी मग रोज व्हायला लागल्या. विलंबितात काही अडचण नव्हती. द्रुत लयीत नरहर मागे पडायचा, कारण बोट पडल्यावर तो तोंड उघडायचा. वसुधाताईंनी त्याला स्वतःच्या समोर, पेटीच्या पलीकडे बसवलं आणि सांगितलं की बोट पडायची वाट बघू नका, ते उचललं जातं तिथून बघा. तो बघायला लागला. असं बघणं मी जन्मात पाहिलं नाही. मांजर बिळाकडे बघतं त्याहून स्थिर. आठवडाभरात तो बोटाच्या बरोबर यायला लागला. त्यांचा डावा हात भाता मारायचा, त्या लयीवर हा श्वास घ्यायचा. भाता थांबला की ह्याचा श्वासही थांबायचा. एकदा त्या फोन घ्यायला उठल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या, तेव्हा मी त्याला पाठीत धपका घालून श्वास घ्यायला लावला.

नियम ठरला होता. बोट खाली आणि भात्यात हवा असेपर्यंत सूर. दोन्हींतलं एक गेलं की गप्प.

समाजाचे अध्यक्ष गजानन मुंडले. बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांना हे कळलं तेव्हा ते तालमीला येऊन बसले. सगळं ऐकलं आणि म्हणाले की पेटीत माणूस बसवायचा म्हणजे हद्द झाली, लोग क्या कहेंगे. वसुधाताईंनी शांतपणे विचारलं, सूर बरोबर लागतोय की नाही? मुंडले म्हणाले, लागतोय. मग हरकत कशाला आहे? मुंडल्यांनी विषय बदलून विचारलं की पत्रिकेत ह्यांचं नाव काय म्हणून छापायचं. गायक म्हणावं तर हा एकच सूर गातो. वादक म्हणावं तर हा वाजवत नाही, वाजवला जातो. बऱ्याच चर्चेनंतर साथसंगतीत असं द्यायचं ठरलं: तबला, अमुक, पेटी, वसुधा पिंपळापुरे, पांढरी पाच, नरहर वैरागडे. छापखान्यातल्या माणसाला ते काही झेपलं नाही. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती करून नरहरच्या वर आणखी एक ओळ वाढवली, 'श्री. पंढरी पाचे', आणि पत्रिका वाटल्या गेल्या.

पाडव्याच्या पहाटे हॉल भरला होता. नव्या साड्या, उटण्याचे वास, दाराशी चहाचा पिंप. आम्ही मंचावर बसलो. नरहर प्रेक्षकांकडे पाठ करून पेटीसमोर बसला, कारण त्याला बोट दिसायला हवं होतं. पहिल्या रांगेत मंदाताई. पहिल्या भजनात लोक हसले. ते साहजिकच होतं. पेटी वाजतेय आणि मधेमधे एक माणूस आऽ करतोय. एका पोराने आऽ केलं, त्याच्या आईने त्याला दाबलं. दुसऱ्या भजनात हसू कमी झालं. तिसऱ्यापर्यंत मला वाटतं लोक विसरले. पंचम कुठून येतोय हे कोण बघत बसतं? तो येतोय एवढं पुरतं.

चौथा एक संथ अभंग होता. अंतऱ्याआधी वसुधाताई पंचमावर थांबायच्या, तालमीत ठरलं होतं तसं, थोडासा. त्या थांबल्या. नरहरचा सूर लागला. मी ठेका धरून होतो. एक आवर्तन गेलं. बोट उचललं नाही. दुसरं आवर्तन गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं ओळ विसरल्या. भाता नीट चालू होता, बोट पांढरी पाचवर तसंच, आणि त्या मान वर करून नरहरच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो बोटाकडे बघत होता, कारण त्याला तसंच सांगितलं होतं.

तिसरं आवर्तन. नरहरचे कान लाल झाले. मानेची शीर फुगली. चष्म्यावर वाफ धरली. सूर हलला नाही. हॉलमध्ये चहाचे पेले वाजायचे थांबले. मला तबला सोडून उठावंसं वाटलं, पण ठेका सोडला तर सगळंच कोसळलं असतं. आणि मग वसुधाताईंनी भाता थांबवला. बोट उचललं नाही, नुसता भाता थांबवला. नियमाप्रमाणे नरहर गप्प झाला. तसंच बोट पट्टीवर, आणि कुठेच काही वाजत नाही. पुढच्या समेला त्यांनी अंतरा उचलला.

मंदाताई पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. मुंडल्यांनी त्यांना खाली बसवलं.

कार्यक्रम संपल्यावर बरेच लोक नरहरला भेटायला आले. पत्रिका हातात घेऊन 'पाचेसाहेब, वा' म्हणून गेले. अरेरा कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, आपण ग्वाल्हेरकडचे का, असं विचारलं. नरहरने सगळ्यांना नमस्कार केला. बोलायला त्याच्याकडे आवाज उरला नव्हता.

भाऊबीज झाली, म्हातारे कारागीर उज्जैनहून आले आणि त्यांनी आम्ही बाकावर बसून असतानाच नवी जीभ बसवून दिली. पेटी घेऊन आम्ही दोघं दोन मजले चढलो. आपली जागा भरली गेली हे नरहरला माझ्याआधी कळलं होतं. वसुधाताईंनी चहा ठेवला, पेटी उघडली आणि वाजवून बघितली. सा, रे, ग, म. पंचमावर बोट पडलं आणि दोन सूर एकदम निघाले. एक पितळेचा, एक नरहरचा.

वसुधाताईंनी हात थांबवला. "नरहरराव, पेटी दुरुस्त झालीय."

"हो."

"मग तुम्ही का गाताय?"

नरहरने सवय झाली म्हणून सांगितलं. मग त्याने त्यांना त्या इंग्रजी कवितेबद्दल सांगितलं. मी तिथे बसलो आहे हे त्याच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. बाई वाजवते, तो बाजूला उभा, मधे लाकूड, सगळं. इस्त्रीने जळलेला शर्ट. झिजलेली पट्टी आणि तिच्यातला खळगा. मी उठून जायला हवं होतं, पण हातातला चहा उकळता होता आणि कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

वसुधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बाईचं काय म्हणणं आहे कवितेत?"

नरहर गडबडला. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. "तिचं काही म्हणणं नाहीये," तो म्हणाला. "ती वाजवतेय."

"मी लहानपणापासून वाजवतेय," वसुधाताई म्हणाल्या. "मला पट्टी कधी जाणवत नाही. जाणवली तर समजायचं की ती बिघडलीय. पट्ट्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, नरहरराव. बोलायला कोणी नाहीये."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. नरहर पेटीकडे बघत होता, मग त्याने महाप्रयत्नाने मान वर केली.

"मंडीदीप बघितलंय का तुम्ही?"

"नाही."

"तिथे बघण्यासारखं काही नाही."

"बरं."

"रविवारी याल?"

"येईन की," वसुधाताई म्हणाल्या.

हे मी मंदाताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भोपाळात दोन-दोन तलाव असताना हा माणूस बाईला मंडीदीप दाखवायला नेतो, ह्या गोष्टीवर त्या रविवारपर्यंत बोलत होत्या.

त्यांचं लग्न माघात झालं. नोंदणी पद्धतीने, मंदाताई आणि मी साक्षीदार, नंतर समाजाच्या हॉलमध्ये जेवण. चांगलं झालं, श्रीखंड कमी पडलं, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण मंडीदीपला काय झालं ते सोमवारी नरहरने मला सांगितलं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

दोघं बसने गेले. रविवार, त्यामुळे कारखाना बंद. हे नरहरच्या लक्षात आलं नव्हतं, कारण रविवारी तो कधी तिकडे गेलाच नव्हता. फाटकावरच्या गार्डने ओळख दाखवली, सलाम केला आणि आत सोडायला नकार दिला. "सर, आज तो आपको भी मना है." नरहरने त्याच्याशी हुज्जत घातली नाही, नियम त्यानेच एका बैठकीत सुचवला होता. मग त्याने वसुधाताईंना बाहेरून भिंत दाखवली. लांबच लांब पिवळी भिंत, वर काटेरी तार. तो भिंतीच्या कडेने चालत गेला आणि सांगत गेला, ह्याच्या मागे स्टोअर, ह्याच्या मागे कँटीन, इथे माझं टेबल, इथे खिडकी आहे पण ती उघडत नाही. वसुधाताई विचारत गेल्या. खिडकीतून काय दिसतं? डब्यात काय असतं? जेवायला कोण बरोबर असतं? तो सांगत गेला. खिडकीतून हीच भिंत दिसते, आतून. डब्यात मंदाताई देतात ते. जेवायला एकटाच असतो, बाकीचे आधी जेवून घेतात. भिंत संपली तेव्हा ते मागे वळले आणि पुन्हा पहिल्यापासून चालत आले. आपण इतकं बोललो ह्याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं. घसा दुखत होता, म्हणाला, पाडव्यापेक्षा जास्त.

बसथांब्यावर पेरूची हातगाडी होती. वसुधाताईंनी एक पेरू कापून घेतला, वर तिखट-मीठ. कागदात चार फोडी. एक त्यांनी उचलून त्याला दिली. देताना बोटं लागली.

नरहर सांगायचा इथे थांबला. आम्ही चालत होतो, तो चालायचाही थांबला, मलाही थांबवलं.

"कशी होती?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण इतकं सगळं झाल्यावर राहवलं नाही.

त्याने नेहमीसारखा नीट विचार केला.

"गार," तो म्हणाला. "आणि चिकट. मीठ लागलेलं होतं."

"मग?"

"मग तिने दुसरी फोड दिली."